आकृतीतली अक्षरं कोणाच्या ताब्यात? लाटेक, पीडीएफ आणि चौदा तालुक्यांचा नकाशा

प्रबंध शेतीचा असो, भूगोलाचा असो की पाणीप्रश्नाचा, अभ्यासक्षेत्र आपला जिल्हा असेल तर पहिल्या-दुसऱ्या प्रकरणात नकाशा येतोच. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटरचं कळसूबाई, पूर्वेला आणि दक्षिणेला पर्जन्यछायेतले पाथर्डी, कर्जत, जामखेड. एवढं सगळं एका पानावर दाखवायचं आणि वर प्रत्येक ठिकाणाचं नाव वाचता आलं पाहिजे.

त्यात २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने अहमदनगरचं अहिल्यानगर करायला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते अधिकृत झालं. ज्यांचे प्रबंध तेव्हा अर्धे लिहून झाले होते, त्यांना मजकुरातलं नाव बदलायला ‘शोधा आणि बदला’ पुरेसं होतं. पण नकाशात, आलेखाच्या शीर्षकात, पर्जन्यमापन केंद्रांच्या आकृतीत जे नाव होतं त्याचं काय? ते नाव चित्राच्या आत होतं, आणि चित्र दोन वर्षांपूर्वी कुठल्यातरी सॉफ्टवेअरमध्ये बनवलेलं.

आजच्या लेखाचं म्हणणं एका वाक्यात सांगतो: चित्र चित्राच्या सॉफ्टवेअरला काढू द्या, पण चित्रातली अक्षरं लाटेकच्या ताब्यात ठेवा. हे जमलं की फॉन्ट जुळतो, अक्षराचा आकार जुळतो, देवनागरी नीट दिसते, आणि उद्या एखादं नाव बदललं तर एक ओळ बदलून काम होतं.

एक सूचना आधीच. लाटेकच्या आज्ञांची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच, पुढे बॅकस्लॅश लावून लिहायची.

अक्षरं पीडीएफमध्ये तीन अवस्थांत असतात

पहिली अवस्था, ठिपके. पीएनजी किंवा जेपीजी फाइलमध्ये ‘संगमनेर’ हा शब्द नसतो. त्या शब्दासारखी दिसणारी रंगीत ठिपक्यांची मांडणी असते. मोठं केलं की कडा फाटतात.

दुसरी अवस्था, बाह्यरेषा. चित्र व्हेक्टर आहे, म्हणजे रेषा आणि वळणांनी बनलेलं आहे, पण अक्षरांचंही रेषाचित्र करून टाकलेलं आहे. कितीही मोठं करा, अक्षर कोरीव दिसतं. तरीही संगणकाच्या दृष्टीने तो शब्द नाही. शोधता येत नाही, निवडता येत नाही.

तिसरी अवस्था, खरा मजकूर. इथे पीडीएफमध्ये फॉन्ट आहे, अक्षरांचे संकेतांक आहेत, शब्द शोधला की सापडतो.

तुमची आकृती कुठल्या अवस्थेत आहे हे कळायला अर्धा मिनिट लागतो. पीडीएफ उघडा, ४०० टक्के मोठी करा. कडा फाटल्या तर ठिपके. फाटल्या नाहीत, तर माउसने शब्द निवडून बघा. निवडला गेला नाही तर बाह्यरेषा. निवडला गेला तर मजकूर.

‘दिसायला चांगलं आहे, मग काय फरक पडतो?’ असं वाटेल. पण पीएचडीचे प्रबंध आता शोधगंगेवर पीडीएफ म्हणून ठेवले जातात. पाच वर्षांनी एखादी विद्यार्थिनी तुमच्या प्रबंधात ‘भंडारदरा’ शोधेल, तेव्हा तुमच्या नकाशातलं भंडारदरा तिला सापडलं पाहिजे.

नकाशे करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. क्यूजीआयएसमधून लेआउट पीडीएफ किंवा एसव्हीजी म्हणून काढताना अक्षरं पाथ म्हणून काढायची की टेक्स्ट ऑब्जेक्ट म्हणून, असा पर्याय येतो. शिफारस पाथची असते, म्हणजे दुसरी अवस्था. ही शिफारस उगाच नाही, कारण तशाने अक्षरं बिघडत नाहीत. पण आपल्याला तिसरी अवस्था हवी आहे. म्हणून सरळ उपाय असा: नकाशा नावांशिवाय काढा. सीमा, नद्या, रंग, धरणांची चिन्हं क्यूजीआयएसला करू द्या. नावं नंतर लाटेकमध्ये लावू.

आधी रुंदी मोजा

लेबलांच्या तक्रारींपैकी बऱ्याच खरं तर रुंदीच्या तक्रारी असतात. समजा तुमचं पान ए-फोर आहे, डावा समास बांधणीसाठी ४० मिलिमीटर आणि उजवा २५ मिलिमीटर. पानाची रुंदी २१० मिलिमीटर, म्हणजे मजकुराला उरले १४५ मिलिमीटर. इंचात ५.७१.

आता मॅटप्लॉटलिबमध्ये तुम्ही १० इंच रुंदीचा आलेख काढलात, अक्षरं १० पॉइंटची ठेवलीत, आणि लाटेकमध्ये इन्क्लूडग्राफिक्सला ‘रुंदी टेक्स्टविड्थ’ सांगितलंत. लाटेकने १० इंचाचं चित्र ५.७१ इंचात बसवलं. त्याबरोबर अक्षरंही आकसली: १० पॉइंटची ५.७ पॉइंट झाली. शेजारी मजकूर १२ पॉइंटचा. गाइड चष्मा लावून नकाशा बघतात आणि मग तुमच्याकडे बघतात.

उपाय साधा आहे. दस्तऐवजात एके ठिकाणी ‘द टेक्स्टविड्थ’ या दोन आज्ञा जोडून लिहा. पानावर आकडा छापून येईल, वरच्या उदाहरणात साधारण ४१२.६ पॉइंट. त्याला ७२.२७ ने भागा, इंच मिळतात. आलेख सुरुवातीपासून त्याच रुंदीचा काढा आणि लाटेकमध्ये रुंदीचा पर्याय न देता, मूळ आकारातच लावा. मग ९ पॉइंट म्हणजे खरोखर ९ पॉइंट. १२ पॉइंटच्या मजकुरात लेबलांना ८ ते ९ पॉइंट ठीक असतं.

मॅटप्लॉटलिब वापरणाऱ्यांनी आणखी एक बघा. सेव्ह करताना ‘बीबॉक्स इंचेस टाइट’ दिलं की भोवतालची रिकामी जागा कापली जाते आणि चित्राची रुंदी तुम्ही ठरवलेली राहत नाही. दर आकृतीला कापणी वेगळी, म्हणून दर आकृतीत अक्षर वेगळं. त्याऐवजी ‘कन्स्ट्रेन्ड लेआउट’ वापरा. रुंदी तीच राहते आणि लेबलं कापलीही जात नाहीत.

चार वाटा

*पहिली वाट: इंकस्केप.* हाताने काढलेल्या आकृत्यांसाठी ही सगळ्यात सोयीची: पाणलोटाची आकृती, प्रयोगाची मांडणी, पाझर तलावाचा छेद. इंकस्केपमधून पीडीएफ काढताना एक चौकट येते. तिथे ‘पीडीएफमधून मजकूर वगळा आणि लाटेक फाइल तयार करा’ अशा अर्थाचा पर्याय आहे. तो निवडला की दोन फाइली मिळतात. एक पीडीएफ, जिच्यात फक्त रेषा आणि रंग. दुसरी ‘पीडीएफ अंडरस्कोर टेक’ अशा शेपटीची, जिच्यात प्रत्येक लेबल आणि त्याची जागा. लाटेकमध्ये आधी ‘एसव्हीजीविड्थ’ला रुंदी द्यायची आणि मग ही दुसरी फाइल इनपुट करायची. चित्र लहान-मोठं होतं, अक्षर मात्र दस्तऐवजाच्या आकारातच राहतं. ते लहान हवं असेल तर इनपुटच्या आधी ‘फुटनोटसाइझ’ लिहा.

या वाटेवर तीन खड्डे आहेत. एक, इंकस्केपमधला फॉन्ट आणि लाटेकचा फॉन्ट यांची रुंदी वेगळी असते, त्यामुळे शब्द सरकल्यासारखा दिसतो. म्हणून लेबल ज्या बिंदूभोवती हवं त्यानुसार इंकस्केपमध्येच मध्य, डावं किंवा उजवं संरेखन द्या. लाटेक तो बिंदू पाळतो. दोन, लेबल आता लाटेकमधून जाणार, म्हणून लाटेकचे नियम लागू. ‘ओलावा %’ असं लिहिलंत तर टक्क्याच्या चिन्हापासून पुढची ओळ लाटेक टिप्पणी समजून सोडून देतो आणि भलतीच चूक दाखवतो. टक्का, अँपरसँड, अंडरस्कोर यांच्याआधी बॅकस्लॅश हवाच. तीन, आकृत्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतील तर दुसऱ्या फाइलला पहिली सापडत नाही. ‘ग्राफिक्सपाथ’ लावा किंवा ‘इंपोर्ट’ पॅकेज वापरा.

*दुसरी वाट: तयार चित्रावर नावं लावणं.* आपला नावांशिवायचा नकाशा, शेतातला फोटो, सूक्ष्मदर्शकाखालचं छायाचित्र यांसाठी ही वाट. ‘ओव्हरपिक’ पॅकेज चित्रावर टक्केवारीची जाळी टाकून दाखवतं. लांब बाजू १०० धरायची आणि ‘पुट’ या आज्ञेने अमुक जागी ‘राहुरी’, तमुक जागी ‘नेवासा’ ठेवायचं. सगळी नावं बसली की जाळीचा पर्याय काढून टाका. टिकझेडमध्येही हेच होतं: चित्र एका नोडमध्ये ठेवून त्याच्या डाव्या-खालच्या कोपऱ्याला शून्य आणि उजव्या-वरच्या कोपऱ्याला एक मानायचं.

आपल्या नकाशात इथे खरी कसरत आहे. पारनेर, संगमनेर, अकोले यांना जागा भरपूर. राहाता आणि श्रीरामपूर मात्र लहान. ‘श्रीरामपूर’ हे पाच अक्षरांचं नाव तालुक्याच्या सीमेत कोंबलं की ते शेजारच्यावर चढतं. अक्षर लहान करू नका. नाव नकाशाबाहेर मोकळ्या जागेत ठेवा आणि तिथून तालुक्यापर्यंत बारीक रेघ ओढा. आणि गडद रंगाच्या तालुक्यावर काळं अक्षर येत असेल तर अक्षर मोठं करण्यापेक्षा रंग फिका करणं बरं.

*तिसरी वाट: आकृतीच लाटेकमध्ये काढणं.* तुमच्याकडे तालुकानिहाय पावसाची सीएसव्ही फाइल आहे, तर पीजीएफप्लॉट्स ती थेट वाचून आलेख काढतं. अक्षांची नावं, आकडे, सूची सगळं दस्तऐवजाच्याच फॉन्टमध्ये. माहिती बदलली की फाइल बदला, पुन्हा चालवा, झालं. पण हजारो बिंदू असतील तर ही वाट धापा टाकते. तेव्हा आधी माहितीची सरासरी काढून बिंदू कमी करा, किंवा चौथ्या वाटेने जा.

*चौथी वाट: पायथन किंवा आर.* मॅटप्लॉटलिबची पीडीएफ फाइल मूळ सेटिंगमध्ये टाइप ३ प्रकारचा फॉन्ट वापरते. काही नियतकालिकांच्या यंत्रणा हा प्रकार परत पाठवतात. ‘पीडीएफ डॉट फॉन्टटाइप’ला ४२ द्या, प्रश्न मिटतो. एसव्हीजी काढून पहिल्या वाटेवर यायचं असेल तर ‘एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप’ला ‘नन’ द्या, नाहीतर अक्षरांच्या बाह्यरेषा होतात. आरमध्ये साधं ‘पीडीएफ’ फंक्शन नेहमीचा हेल्वेटिका फॉन्ट फाइलमध्ये भरत नाही. ‘कैरो पीडीएफ’ भरतं. आणि आरमधला आलेख थेट लाटेकच्या अक्षरांत हवा असेल तर ‘टिकझ डिव्हाइस’ पॅकेज आहे.

जुन्या प्रबंधांत किंवा एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडे ‘पीएसफ्रॅग’ नावाचं पॅकेज दिसेल. विचार हाच होता, ईपीएस चित्रातली लेबलं लाटेकने बदलायची. पण ते पीडीएफलाटेकमध्ये थेट चालत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी त्या वाटेला जायची गरज नाही.

देवनागरी लेबलं आणि ‘शिर्डी’ची परीक्षा

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. कुठल्याही सॉफ्टवेअरला देवनागरी येते का हे बघायला एकच शब्द पुरतो: शिर्डी. या शब्दात पहिली वेलांटी आहे, जी उच्चारात ‘श’नंतर येते पण लिहिताना त्याच्या आधी बसते. पुढे रफार आहे, जो उच्चारात ‘ड’च्या आधी येतो पण ‘डी’च्या डोक्यावर चढतो. ज्या सॉफ्टवेअरला ही मांडणी कळत नाही, ते अक्षरं संकेतांकांच्या क्रमाने नुसती एकापुढे एक ठेवतं. वेलांटी उजवीकडे जाते, रफाराऐवजी पाय मोडलेला ‘र’ दिसतो. शिर्डी नीट उमटली तर कर्जत, पाथर्डी, श्रीगोंदा यांची काळजी फारशी उरत नाही.

मॅटप्लॉटलिबचं नेहमीचं अक्षर काढण्याचं तंत्र या परीक्षेत वर्षानुवर्षं नापास होत आलं आहे. फॉन्ट बदलून उपयोग नाही, कारण दोष फॉन्टचा नसून मांडणीचा असतो. म्हणून मॅटप्लॉटलिबला ‘पीजीएफ’ बॅकएंड लावा आणि त्याची टेक प्रणाली झीलाटेक किंवा लुआलाटेक ठेवा. मग अक्षरं लाटेकच मांडतो.

लाटेकच्या बाजूने दोन गोष्टी. एक, पीडीएफलाटेक ओपनटाइप फॉन्ट वापरत नाही, म्हणून मराठी प्रबंधासाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक. दोन, ‘फॉन्टस्पेक’ पॅकेजमध्ये फॉन्ट सांगताना ‘स्क्रिप्ट’ हा पर्याय ‘देवनागरी’ द्यायलाच हवा. लुआलाटेकमध्ये त्याबरोबर ‘रेंडरर’ म्हणून ‘हार्फबझ’ द्या. हे विसरलं तर चांगला फॉन्ट असूनही वेलांट्या भरकटतात. फॉन्ट मोफत आणि चांगले उपलब्ध आहेत: आयआयटी मुंबईचा शोभिका, एक टाइपचा मुक्त, गूगलचा नोटो. लेबलांसाठी मुक्त किंवा नोटो सॅन्ससारखा सरळ वळणाचा फॉन्ट लहान आकारात जास्त स्पष्ट दिसतो.

नद्यांच्या नावांबद्दल एक खास इशारा. प्रवरा रतनगडाच्या डोंगरातून निघून संगमनेरवरून नेवासा तालुक्यात गोदावरीला मिळते. तिच्या वळणावर वळणारं नाव लिहावंसं वाटतं. टिकझेडमध्ये वळणावर मजकूर बसवायची सोय आहे, पण ती शब्द एकेका संकेतांकात तोडते. ‘प्रवरा’तला ‘प्र’ तिथेच फुटतो. रोमनसाठी तयार केलेली युक्ती देवनागरीला घातक ठरते. त्यापेक्षा अख्खं नाव नदीच्या दिशेने थोडं तिरकं फिरवा. वाचायलाही तेच सोपं जातं.

आकड्यांचंही ठरवून घ्या. मजकुरात देवनागरी आकडे आणि अक्षावर रोमन, असं चालू शकतं, पण मग सगळ्या आकृत्यांत तसंच हवं. एका आलेखात १९७२ आणि पुढच्यात रोमन १९७२, हे परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

नाव एकाच ठिकाणी

आता पुन्हा जिल्ह्याच्या नावाकडे. दस्तऐवजाच्या सुरुवातीला ‘न्यूकमांड’ने एक आज्ञा तयार करा. तिचं नाव रोमनमध्ये ‘जिल्हा’ ठेवा आणि अर्थ ‘अहिल्यानगर’. मजकुरात तीच वापरा. गंमत अशी की इंकस्केपच्या लेबलमध्येही शब्दाऐवजी हीच आज्ञा टाइप करता येते. इंकस्केपच्या पडद्यावर बॅकस्लॅशसकट विचित्र दिसेल, पण पीडीएफमध्ये खरं नाव उमटेल. ओव्हरपिक, टिकझेड, पीजीएफप्लॉट्समध्येही तसंच.

मराठीत नावाला प्रत्यय जोडून येतात, आणि इथे एक अडचण येते. झीलाटेक आणि लुआलाटेक देवनागरी अक्षरांनाही अक्षरंच मानतात. त्यामुळे आज्ञेला लागून ‘मध्ये’ लिहिलंत तर लाटेकला वाटतं की आज्ञेचं नावच ‘जिल्हामध्ये’ आहे, आणि तो ‘अशी आज्ञा माहीत नाही’ म्हणून थांबतो. आज्ञेनंतर रिकामा महिरपी कंस लावा, मग प्रत्यय लिहा. आज्ञेनंतरची मोकळी जागा गिळली जाते, तीही या कंसाने वाचते.

मात्र सगळीकडे नवं नाव घालणं हेही चूकच. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला नकाशा तुम्ही जसाच्या तसा छापत असाल तर त्यावरचं नाव तेव्हाचंच राहील. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्याचं शीर्षक, जुन्या लेखांची नावं, उद्धृतं यांना हात लावायचा नाही. तुम्ही काढलेली आकृती तुमच्या काळातली, दुसऱ्याची आकृती त्याच्या काळातली. आज्ञा फक्त पहिल्या प्रकारासाठी. नाव कुठे बदलायचं आणि कुठे नाही, हे ठरवणं संशोधकाचं काम आहे. सॉफ्टवेअर ते करणार नाही.

जमा करण्याआधी

छपाईच्या आदल्या रात्री नव्हे, किमान आठवडाभर आधी एवढं बघून घ्या.

१. टर्मिनलमध्ये ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा तुमच्या पीडीएफवर चालवा. फॉन्टांची यादी येते. ‘ईएमबी’च्या रकान्यात सगळीकडे ‘येस’ हवं. एक जरी ‘नो’ असेल तर छपाईवाल्याच्या संगणकावर तिथे दुसराच फॉन्ट येऊ शकतो.

२. पीडीएफमध्ये ‘शिर्डी’ शोधा. नकाशातली सापडली पाहिजे. सापडत नसेल आणि तुम्ही झीलाटेक वापरत असाल, तर ‘झीटेक जनरेट ॲक्च्युअल टेक्स्ट’ला १ द्या. पीडीएफमध्ये दिसणाऱ्या आकारांमागे मूळ शब्दही नोंदवला जातो.

३. नकाशाचं एकच पान खऱ्या आकारात, काळ्या-पांढऱ्यात छापा. हात लांब करून धरा. जे नाव वाचता येत नाही ते दुरुस्त करा.

४. सगळ्या आकृत्या एकापुढे एक बघा. लेबलाचा आकार, फॉन्ट, आकडे, एककं सारखी आहेत का? ‘मिमी’ एका ठिकाणी आणि ‘मि.मी.’ दुसऱ्या ठिकाणी नको.

५. प्रत्येक आकृतीची मूळ फाइल, म्हणजे एसव्हीजी, क्यूजीआयएसचा प्रकल्प, पायथनची स्क्रिप्ट, प्रबंधाच्याच फोल्डरमध्ये ठेवा. पीडीएफ हा निकाल आहे. दुरुस्ती नेहमी मूळ फाइलमध्ये होते.

पहिल्या आकृतीला या सगळ्यात एक अख्खी दुपार जाईल. दुसरीला तासभर. दहावीपर्यंत हात बसलेला असेल. सुरुवातीला जो वेळ जातो तो शेवटच्या महिन्यात परत मिळतो, आणि त्या महिन्यात वेळ किती महाग असतो हे तुमच्या आधी प्रबंध जमा केलेल्या कुणालाही विचारा.

पुढच्या लेखात तक्ते घेऊ: लांबलचक तालुकानिहाय तक्ता दोन पानांवर कसा मोडायचा, आणि त्याचं शीर्षक दुसऱ्या पानावर पुन्हा कसं आणायचं.